मुकं दार

आमच्या इमारतीचं दार पूर्वी घर्रर करायचं. बाहेरच्या बटणांच्या पाटीवर चार आकडे दाबले की चौकटीतून असा आवाज यायचा, जणू पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडलाय. मग दार ढकलायचं. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरात तो आवाज स्पष्ट ऐकू यायचा. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला राहायला आलो तेव्हा सानिका माझ्या पोटात होती, आता ती चार वर्षांची आहे. ही सगळी वर्षं मी त्या घर्ररवर कान ठेवून काढली. सव्वानऊला घर्रर झाली की तिसऱ्या मजल्यावरच्या डेकरबाई, इकडच्या भाषेत मेव्राउ डेकर, पाव घेऊन परत आल्या. पावणेसहाला झाली की माझा नवरा अंबरीश ऑफिसातून आला. भलत्या वेळी झाली की मी हातातलं लाटणं खाली ठेवून जिन्याकडे कान लावायची, आणि पावलं आमच्या मजल्यावरून पुढे जाईपर्यंत लाटणं पुन्हा उचलायची नाही.

"अगं, बारा बिऱ्हाडं आहेत इथं. माणसं येणारच," अंबरीश म्हणायचा.

"येऊ देत की. मला कळलं म्हणजे झालं."

तरीही ते दार बदलायला मीच लावलं. तो चार आकडी कोड पार्सलवाल्यांपासून पिझ्झावाल्यांपर्यंत सगळ्यांना पाठ झाला होता, आणि मार्चमध्ये एका दुपारी एक अनोळखी माणूस आमच्या जिन्यात सिगारेट ओढत बसलेला सापडला. बिचारा पावसाला कंटाळून आत आला होता. पण मी आठवडाभर सानिकाला कडेवरून खाली उतरवलं नाही. मग इमारतीच्या सभेत उठून उभी राहिले आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं, की कोड काढा, प्रत्येकाला किल्लीसारखा इलेक्ट्रॉनिक टॅग द्या, आणि हे काम मी करते.

काम येतं मला. नाशिकला इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर झाले, इकडे नवऱ्याच्या व्हिसावर आले, तीन वर्षं घरात बसले. मग आम्स्टलव्हेनच्या एका कुलपं आणि अलार्म बसवणाऱ्या छोट्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागले, आठवड्याचे तीन दिवस. हे दार मात्र माझं स्वतःचं, माझ्या नावावरचं पहिलं काम होतं. सभेचे अध्यक्ष योस्ट म्हणाले, "जमलं तर शेजारच्या दोन इमारतींचंही तूच कर. नाही जमलं तर जुनं परत बसवू आणि रीतसर कंपनी बोलावू."

याच दिवसांत आई आलेली होती, तीन महिन्यांसाठी.

माझी आई, सुरेखा, सातपूर एमआयडीसीत रिले बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं होती. आधी वाइंडिंगला, मग टेस्टिंगला. केसापेक्षा बारीक तांब्याची तार बॉबिनवर गुंडाळायची, हजारो वेढे. चारला शिफ्ट सुटली की ती घरी यायची आणि तिच्या डब्याच्या पिशवीला वार्निशचा वास यायचा. मला तो पोळीभाजीच्या वासाइतकाच घरचा वाटायचा. कारखान्यात बाद झालेले बॉबिन ती आणायची आणि त्यांची मी चूल, पाट, भातुकलीतली सगळी भांडी करायची. सुट्टीच्या दिवशी ती कधी मला जवळ घेऊन सांगायची, "एसीची कॉइल बोलते बघ. डीसीची गप्प बसते. बोलणारीचा आवाज एकसारखा आला की पास, फुटका आला की परत." कॉलनीतल्या निम्म्या बायका, शेजारची वासंतीमावशी धरून, कारखान्याच्या त्याच बसने जायच्या. बस वळणावर आली की सगळ्या एकदम हसत असायच्या, कशाला ते मला कधीच कळलं नाही.

मी जुना स्ट्राइक, म्हणजे दाराचा विजेवरचा खटका, चौकटीतून काढला, तेव्हा आई जिन्याच्या पायरीवर शाल घेऊन बसली होती. सानिका तिच्या मांडीवर.

"हे काय गं नक्की?"

"हे चौकटीत बसतं. कुलपाची जीभ ह्याच्यात अडकते. करंट दिला की ही बाजू सैल पडते, मग दार ढकललं की जीभ निसटते."

तिनं तो तळहातावर घेऊन आतली कॉइल पाहिली. "जाड तार, वेढे कमी. एसीची," ती म्हणाली. "म्हणूनच बोलायची."

"बोलत होती. आता नाही बोलणार. नवा मी डीसीवर लावतेय. कंट्रोलरच्या रिलेमधून बारा व्होल्ट, कॉइलवर उलटा डायोड. रिलेचे कॉन्टॅक्ट जळत नाहीत मग."

"शिकलीस हो," आई म्हणाली. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते नेहमीप्रमाणे समजलं नाही.

सोमवारी दुपारी दार सुरू झालं. टॅग धरला की रीडर बारीक 'पीप' करायचा, हिरवा ठिपका लागायचा आणि पाच सेकंद दार मोकळं. वीज गेली तर बाहेरून बंद, आतून हँडल फिरवलं की केव्हाही उघडं. टॅग ओळखणारी पेटी, कंट्रोलर, मीटरच्या कपाटात कुलपात. वायर एकही दिसत नव्हती. संध्याकाळी अंबरीश केव्हा आला तेही मला समजलं नाही, एकदम आमच्या दारात उभा.

"वल्लरी, काय मस्त! आवाजच नाही!"

"हो ना," मी म्हणाले, आणि त्या रात्री जेवताना तीनदा उठून जिन्यात डोकावून आले.

मंगळवारी सव्वानऊला खिडकीतून पाहिलं, तर मेव्राउ डेकर दारासमोर पावसात उभ्या. पंच्याऐंशी वर्षांची बाई, पावाची पिशवी छातीशी. मी धावत खाली जाऊन दार उघडलं. त्यांचा कोट खांद्यांवर काळा पडला होता.

"बिघडलंय ते," त्या शांतपणे म्हणाल्या.

बिघडलं नव्हतं. मी तीनदा करून दाखवलं. पीप, हिरवा ठिपका, ढकला. त्यांनी मान डोलावली. बुधवारी सकाळी त्या पुन्हा उभ्या. टॅग धरायचा, थांबायचं, आणि मग बऱ्याच वेळानं ढकलायचं. तोवर पाच सेकंद उलटलेले, दार पुन्हा घट्ट.

दुपारी योस्ट आले. "वल्लरी, त्या चाळीस वर्षं इथं राहतात. शनिवारी अकराला सगळे खाली जमू. त्यांना एकट्यांना दार उघडता आलं तर ठीक. नाहीतर मला जुनं लावायला सांगावं लागेल."

"सवयीचा प्रश्न आहे. होईल सवय."

"तोवर त्या पावसात राहतील," योस्ट म्हणाले. रागावून नाही. म्हणून जास्त लागलं.

मी जाड अक्षरांत डचमध्ये चिठ्ठी लिहून रीडरच्या वर चिकटवली. वेळ पाचाची आठ सेकंद केली. आणखी वाढवावी तर उघड्या दारातून कुणीही आत येईल, मग सगळा खटाटोप कशासाठी?

गुरुवारी आई सानिकाला शाळेतून आणायला गेली. दोघी परतताना मी नेहमीसारखी खिडकीत होते. आईनं टॅग धरला आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. सानिका तिची शाल ओढत ओरडत होती, "आजी, ड्यूवन! ड्यूवन! पुश!"

आई दाराकडे बघत राहिली. मग ढकललं. दार बंद.

मी खाली गेले. "आई, अगं पीप झाला की ढकलायचं ना!"

"झालाच नाही."

"झाला! सानिकालासुद्धा ऐकू आला."

"कुठे झाला? मी काय बहिरी आहे?"

मी तिच्या हातातून टॅग घेऊन पुन्हा धरला. पीप. स्वच्छ, बारीक. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. रीडरकडे नाही, दाराकडे नाही, माझ्या ओठांकडे. मी पुन्हा धरला. पुन्हा पीप. ती वाट बघत होती, अजून.

दोन महिने मी तिच्यावर चिडत होते, की कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही, वरण करपतं, लक्ष कुठे असतं तुझं. गुपचूप इंटरनेटवर विसरभोळेपणाची लक्षणंसुद्धा वाचून झाली होती. व्हिडिओ कॉलवर ती नेहमी म्हणायची, "जरा दिवा लाव गं, तोंड दिसत नाही तुझं." मला वाटायचं, माया आहे.

मी टॅग खिशात टाकला. हा विषय सानिकासमोर नको, आणि आईला तोंडावर विचारणं तर नकोच. वर येऊन चहा टाकला.

आईनंच विषय काढला. "त्या म्हातारीलाही तो पीप ऐकू येत नसणार. बारीक आवाज आहे ना. बारीक आवाज आधी जातात."

"तुला कसं माहीत?"

"कसं म्हणजे?" ती बशीत चहा ओतत म्हणाली. "जाडा आवाज राहतो. ते जुनं यंत्र बोलायचं ते मला वर स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मग एसीवर टाक की हेही."

मी कपाटातून नव्या स्ट्राइकचा खोका काढला. त्यावर छापलेलंच होतं, बारा व्होल्ट, एसी किंवा डीसी. मला शिकवलं होतं की डीसी चांगलं, शांत. शांत म्हणजे चांगलं, यावर मी पुन्हा विचारच केला नव्हता. जुन्या स्ट्राइकला वीज देणारा बेलचा ट्रान्सफॉर्मर मीटरच्या कपाटात तसाच होता, बारा व्होल्टचा. रिलेचा कॉन्टॅक्ट म्हणजे नुसता स्विच, त्याला एसी काय नि डीसी काय.

शुक्रवारी सकाळी अर्ध्या तासात तारा बदलल्या. टॅग धरणार, एवढ्यात पायरीवरून आई म्हणाली, "हे काळं काय लटकतंय मधे? आमच्या एसीच्या कॉइलला असलं काही नसायचं."

डायोड. डीसीसाठी लावलेला, मी काढायलाच विसरले होते. एसीवर एका अर्ध्या फेरीत तो सरळ शॉर्ट झाला असता, फ्यूज उडाला असता नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळाला असता. आणि शनिवार उद्यावर आलेला.

"कुणी शिकवलं गं तुला?" आई म्हणाली.

"तूच."

"मी हे नव्हतं शिकवलं."

डायोड काढून त्याजागी तेच काम करणारा, पण एसीला चालणारा व्हॅरिस्टर लावला. टॅग धरला. घर्रर. जुन्यापेक्षा थोडा मऊ, पण तोच. आई पायरीवरून उठली आणि मान तिरपी करून ऐकू लागली. तिचे डोळे मिटले होते. सातपूरच्या त्या हॉलमध्ये ती अशीच बसत असेल, समोर ट्रे, हातात कॉइल. माझ्या अभ्यासाच्या वह्यांवर तिनं घातलेली तपकिरी कव्हरं, बॉबिनच्या चुली, वळणावरची ती हसरी बस, सगळं त्या आवाजात एकदम जवळ आलं.

"एकसारखा आहे," ती म्हणाली. "पास."

शनिवारी अकराला सगळे खाली जमले. योस्टनी मेव्राउ डेकरना बाहेर एकटं पाठवलं आणि दार लावून घेतलं. काचेतून दिसत होतं. त्यांनी पर्समध्ये टॅग शोधला, उलटा धरला, सुलटा धरला. घर्रर झाली, आणि त्यांचा हात आपोआप पुढे आला. इतकं सहज, की आत आल्यावर सगळे त्यांच्याकडे का बघताहेत ते त्यांना उमगेना. योस्टनी काम पुरं झाल्याच्या माझ्या कागदावर सही केली. शेजारच्या इमारतींचं सोमवारी बोलू, म्हणाले.

सगळे पांगल्यावर आई आणि मी खालीच राहिलो. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी.

"कधीपासून, आई?"

ती न समजल्यासारखं करणार होती. मग केलं नाही. "तू दहावीत होतीस. दिवसभर त्या मशीनजवळ, दुसरं काय होणार?"

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? टेस्टिंगवरून काढलं असतं मला. बसून काम होतं ते. घर्रर ऐकू येत होती, तेवढ्यावर चाललं."

"मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू तेव्हापासून काळजी करत बसली असतीस. आहेसच तू तशी."

इथं चष्म्याच्या दुकानातच कान तपासून देतात. मी मंगळवारची वेळ घेतली होती, तिला न विचारता. ते सांगितलं.

आईनं खांद्यावरची शाल नीट केली. मग म्हणाली, "येईन. पण नाशकात कुणाला कळता कामा नये."

"मी कुणाला सांगणार आहे?"

"वासंतीला," ती म्हणाली. "तिला कळलं की सगळ्या बसला कळलं."