गिधाडाच्या हातातली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, जिच्यासाठी लोक एकमेकांचे पाय ओढतात ती खुर्ची मी नव्हे. मी साधी, घडीची, लोखंडी, राखाडी रंगाची. माझ्यासाठी कधी कोणी भांडलं नाही. मला हातात घेऊन मात्र पुष्कळ भांडले.

एका वेल्डरच्या शेडमध्ये दोनशे बहिणींबरोबर माझा जन्म झाला. बहिणी शाळांत गेल्या, दवाखान्यांत गेल्या, त्यांच्यावर माणसं बसली. मी पोचले कुस्तीच्या शोमध्ये. एका जुन्या सभागृहात मधोमध दोरांनी बांधलेली रिंग, आणि दर रविवारी दुपारी तिथे मारामारी. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि बघणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. पण पडणं खरं असतं, आणि ज्या पाठीवर पडायचं ती पाठही खरीच असते.

माझ्या मालकाला सगळे गिधाड म्हणायचे. काळा झगा, कपाळापर्यंत रंगवलेल्या भुवया. पंचाची पाठ फिरली की मला उचलायचं आणि नायकाच्या पाठीत घालायचं, हे त्याचं काम. नायकाचं नाव वादळ. तो कधी खोटं खेळायचा नाही आणि हरला तरी हात मिळवायचा.

हा वादळ म्हणजे गिधाडाचा सख्खा मेहुणा, हे मात्र प्रेक्षकांना माहीत नव्हतं. गिधाडाची बायको दोघांचेही कपडे शिवायची. सामन्याआधी ती माझ्या कडांवरून बोट फिरवून कुठे धार उरली नाही ना, ते बघायची.

"अहो, सपाट बाजूनं मारा हं. आणि खांद्यावर. कंबर धरलीय त्याची."

"तुझा भाऊ आहे की काचेची बरणी?"

"मारा हो दाजी बिनधास्त," वादळ बुटाची नाडी बांधत म्हणायचा. "फक्त मागच्यासारखं ऐन वेळी शिंकू नका."

मारणंही एक कला आहे. गिधाड मला जोरात आणायचा आणि शेवटच्या क्षणी मनगट सैल सोडायचा. आवाज सगळा माझा, दुखणं जेमतेम. इतक्या वर्षांत माझ्यामुळे कोणाला साधं खरचटलंही नाही.

पहिल्या रांगेत एक आजी बसायच्या. नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. गिधाड आला की छत्री उगारून ओरडायच्या, "अरे मेल्या, लाज आहे का काही!" एका रविवारी त्या तापानं आल्या नाहीत, तर गिधाडानं तिकीटवाल्याला तीनदा विचारलं, "आजी कुठायत?"

सगळं सुरळीत चाललं होतं. दुखत होतं ते गिधाडाच्या घरात. त्याची मुलगी नऊ वर्षांची. शाळेत पोरी तिला चिडवायच्या. एकदा कपडे बदलायच्या खोलीत मला टेकून ती म्हणाली, "बाबा, तू एकदा तरी चांगला हो ना. मामा कसा चांगला आहे!"

गिधाड भुवयांचा रंग पुसत होता. तो कितीतरी वेळ एकच भुवई पुसत राहिला.

त्याच सुमारास सामन्यांच्या गोष्टी लिहायला एक नवा लेखक आला. तरुण, हुशार, सतत चष्मा पुसणारा. म्हणाला, "आता लोक शहाणे झालेत. पूर्ण चांगला कोणी नसतो, पूर्ण वाईटही नसतो. आपण इथे खरी माणसं दाखवूया." आता, यात खोटं काय होतं? वादळनं अधूनमधून लबाडी करायची आणि गिधाडानं माइकवर आपल्या पोरकेपणाची कहाणी सांगायची, असं ठरलं. गिधाडाचे आईवडील गावाकडे ठणठणीत होते, पण तो आनंदानं तयार झाला. का, ते मला कळत होतं.

पहिल्या रविवारी त्याला टाळ्या मिळाल्या. मुलगी आईचा हात ओढून ओढून सांगत होती, "आई, बाबासाठी वाजतायत!" मला उचलायची गरजच उरली नाही. सामन्याचं वर्णन करणारा माइकवाला माझ्यावर बसू लागला. खुर्चीवर कोणी बसतं म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

पण तिसऱ्या रविवारपर्यंत सभागृह दाताच्या डॉक्टरकडच्या बाकासारखं झालं. सगळे गप्प. शो संपल्यावर आजी छत्री टेकत थेट कपड्यांच्या खोलीत आल्या.

"मला एक सांगा, मी टाळी वाजवू की शिवी देऊ?"

"आजी, दोघांचीही बाजू समजून घ्या," लेखक म्हणाला.

"दिवसभर तेच करते रे बाबा. सुनेची बाजू, मुलाची बाजू, शेजारणीची बाजू. इथे तासभर तरी मला कोणाची बाजू समजून घ्यायची नाहीये."

"पण आयुष्य असं नसतं ना, आजी."

"म्हणून तर तिकीट काढते!"

लेखकानं चष्मा पुसला. गिधाड आजींकडे न बघता झग्याची घडी घालत राहिला. त्याला मुलीचा चेहरा दिसत असावा.

सहाव्या रविवारी वादळनं वरच्या दोरावरून उडी घेतली आणि तो वेडावाकडा पडला. रिंगमध्ये एक रीत असते. पडलेल्याचा हात हळूच दाबायचा, त्यानं उलट दाबला की समजायचं, ठीक आहे. गिधाडानं हात दाबला. उत्तर आलं नाही. पुन्हा दाबला. वादळ ओठ न हलवता म्हणाला, "दाजी, गुडघा गेला."

पंचानं दाराशी बसणाऱ्या डॉक्टरांना खूण केली. पण लोकांना वाटलं, हीही नव्या गोष्टीतलीच गंमत. कोणी हसलं, कोणी फोन घेऊन पुढे सरकलं. रिंगकडे येणारी एकुलती एक वाट माणसांनी भरून गेली. डॉक्टर मागे अडकले. गिधाडाची बायको उभी राहिली होती, तोंडावर हात घेऊन.

गिधाडानं एकदाच आपल्या मुलीकडे पाहिलं. मग तो खाली उतरला, माइकवाल्याच्या बुडाखालून मला खसकन ओढलं, माइक हिसकावला आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन मला लोखंडी खांबावर आपटलं. या वेळी मनगट सैल सोडलं नाही. माझा पाय वाकला.

"इकडे बघा! तुमच्या लाडक्याला मी पाडलं! मी! आणि पोरकाबिरका काही नाहीये मी. रडवलं की नाही तुम्हाला, मूर्खांनो?"

आणि मग असा गलका उठला की छताचे पत्रे थरथरले. सगळी माणसं त्या कोपऱ्याकडे धावली. कागदाचे बोळे आले, बाटल्या आल्या. आजींची छत्री सगळ्यांत पुढे. मागे वाट मोकळी झाली. डॉक्टर आले, वादळला अलगद स्ट्रेचरवर घेतलं. तोवर गिधाड मला आपटत राहिला, शिव्या अंगावर घेत राहिला.

मुलीनं दोन्हीकडे पाहिलं. उचलला जाणारा मामा, आणि पलीकडे एकटा उभा बाप. मग ती बाकावर चढली आणि डोळे पुसत पुसत सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडली, "वाईट माणूस! वाईट माणूस!"

नंतर खोलीत ती त्याच्याजवळ आली. "बाबा, बरोबर ओरडले ना मी?"

गिधाडाच्या भुवया गालांवर उतरल्या होत्या. त्यानं तिला उचलून घेतलं. "अगदी बरोबर."

वादळचा गुडघा पाच महिन्यांनी बरा झाला. लेखकानं गिधाडाला पुन्हा खलनायक केलं. अधूनमधून तो एखादा अर्धामुर्धा माणूस रिंगमध्ये आणतो, आणि खरं सांगू, तोही कधीकधी चांगला जमतो. पण शेवटच्या सामन्यात कोणावर ओरडायचं, हे आता आजींना विचारावं लागत नाही.

मी मात्र निवृत्त झाले. वाकलेल्या पायामुळे मला घडी घालता येत नाही. गिधाडाच्या घरी शिलाई मशीनशेजारी उभी असते, आणि त्याची बायको माझ्यावर इस्त्रीचे कपडे रचते. माझ्या जागी एक तरुण खुर्ची आलीय म्हणे, आवाज चांगला आहे तिचा.

तुम्ही कधी अशा सामन्याला गेलात तर एवढंच करा. नायकाला टाळ्या द्याच, पण खलनायकाला शिव्या देताना हात आखडता घेऊ नका. फार जपून, फार कष्टानं मिळवलेल्या असतात त्या त्यानं.