डाव्या काचेवरचं ग्रीस

मी गॉगल. इंडियानातल्या ऍल्वा स्ट्रंकच्या डोळ्यांवर तीन मोसम बसलेला. दोन काचा आणि भोवती चामडं. गालाला टोचू नये म्हणून त्याच्या बायकोनं, हॅटीनं, आतून सशाची मऊ कातडी शिवलेली. मी मुळातच घाबरट. मोटार सुटली की जीव मुठीत धरायचो, मूठ नसूनही.

जत्रेच्या मैदानात घोडे पळायचे, त्याच मातीच्या गोल वाटेवर आमच्या मोटारी पळत. ऍल्वाच्या डावीकडे हॅटीचा धाकटा भाऊ लेम बसे. हातानं तेलाचा पंप मारायचा, वळून मागे बघायचं आणि कुणी जवळ आलं की ऍल्वाच्या मांडीवर थाप द्यायची, हे त्याचं काम. त्या गोंगाटात शब्द कोण ऐकणार?

वसंतात एक दगड माझ्या डाव्या कडेवर आदळला. काच वाचली, पण तिच्यामागचा ऍल्वाचा डोळा हळूहळू विझला. बाहेरून अगदी धडधाकट दिसे. पण ऊन आलं तरी बाहुली आकसत नाही, हे मला इतक्या जवळून दिसायचं. सांगणार कसं?

जुलैत वाटेवर पाणी मारलं होतं. चिखलानं माझ्या दोन्ही काचा भरल्या. ऍल्वानं बाहीनं उजवी पुसली. डावी तशीच. पुढच्या फेरीलाही तशीच! तेवढ्यात डावीकडून एक लाल गाडी घुसली. लेमनं थाप दिली, मग बुक्की मारली, तेव्हा कुठे ऍल्वानं चाक फिरवलं.

उतरल्यावर लेम म्हणाला, "दाजी, डावी काच का नाही पुसलीत?"

"घाईत राहिली."

"सगळी शर्यतभर घाई?"

ऍल्वा टायरवर टेकला. "हॅटीला सांगू नकोस. गाडी विकायला लावेल ती. मग काय, जन्मभर घोड्यांना नाल ठोकू?"

"आणि मला शेजारी बसवलंत!"

"तू डावीकडे असतोस, म्हणून तर धीर होतो रे."

लेमनं एक शिवी हासडली. पण सांगणार नाही, असं वचन देऊन बसला.

सप्टेंबरची शर्यत आली. माझा पट्टा नेहमी हॅटीच बांधायची. ती येण्याआधी लेमनं मला सीटवरून उचललं, बोटभर ग्रीस घेतलं आणि डाव्या काचेवर जाड थापलं. मी हादरलो. याला वेड लागलं की काय?

हॅटी आली. "मान खाली कर, ताडमाडा!" मला चढवता चढवता ती थबकली. "हे काय रे? नीट दिसतंय ना तुला?"

"लख्ख!" ऍल्वा म्हणाला.

तिचे हात पट्ट्यावरच राहिले. मग तिनं उजव्या काचेवर तळवा ठेवला.

"आणि आता?"

ऍल्वानं तिचा तळवा हलकेच बाजूला सारला. लेम जमिनीकडे बघत राहिला. शर्यत आमच्यावाचून सुटली.

आता मी ऍल्वाच्या लोहारशाळेत खिळ्याला टांगलेला आहे. लेम रोज येतो, कोळसा ओततो, जातो. ऍल्वा त्याच्याशी बोलत नाही. जत्रेच्या दिवशी लांबून इंजिनं गरजतात, तेव्हा घण हवेतच थांबतो आणि मला धडकी भरते.

कुणी मला खाली काढलंत, तर उजवी काच खुशाल पुसा. डावीवरचं ग्रीस मात्र राहू द्या. ते ऍल्वानंच पुसायचं आहे, आणि तेही लेमला हाक मारून.