कोरडी चादर

उमेळ्याच्या काशीरामला झटका आला तो केळीच्या वाडीत, पाटाचं पाणी वळवताना. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बसली. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, रंभेला बजावलं, "गिळायला जड जातंय त्यांना. घाईने पाजलंत तर पाणी छातीत जाईल. चमच्याने थोडं थोडं द्या, पण दिवसभर देत राहा."

रंभेच्या मनात 'छातीत जाईल' तेवढंच राहिलं.

मुलगा शत्रुघ्न सकाळी कंपनीत जायचा, तो दिवेलागणीला परतायचा. पहिल्याच दुपारी काशीरामला पाण्याचा ठसका लागला. डोळे फिरले, चेहरा काळानिळा पडला. शेजारची रेजिना धावत आली, दोघींनी त्याला उठवून बसवलं, पाठ चोळली, तेव्हा कुठे श्वास लागला. त्यानंतर रंभा पाण्याचा चमचा त्याच्या तोंडाशी नेईना. घट्ट पेज ती भरवायची, गोळ्याही त्यातच कुस्करून द्यायची. पाण्याचं मात्र तिला भय बसलं. काशीराम डावा हात तोंडाकडे न्यायचा. ती फडकं भिजवून त्याचे ओठ ओले करायची.

"अहो, जरा थांबा. शत्रुघ्न आला का तो पाजील पानी."

शत्रुघ्न यायचा तोवर बापाचा डोळा लागलेला असायचा. "झोपू दे त्यांना," तो म्हणायचा आणि स्वतःही आडवा व्हायचा.

वैशाख तापला होता. अशात काशीरामची चादर कोरडी राहू लागली. आधी दिवसातून चार वेळा बदलावी लागायची. तेवढं जड अंग एकटीने कुशीवर वळवायचं म्हणजे रंभेच्या कमरेचे टाके ढिले व्हायचे.

"आता समजाया लागलंय त्यांना," तिने कौतुकाने रेजिनाला सांगितलं. "अंथरून खराब करीत नायत."

रेजिनालाही बरं वाटलं. रविवारी पापडीच्या देवळात मेणबत्ती लावते म्हणाली.

मग उचक्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. कोन तरी आठवन काढतंय, असं रंभा म्हणत राहिली. पण डावा हातही उचलेनासा झाला, पेज उलटून पडली आणि हाका मारूनही काशीराम डोळे उघडेना, तेव्हा शत्रुघ्नने रिक्षा आणली.

रक्ताचा रिपोर्ट पाहून इस्पितळातला तरुण डॉक्टर म्हणाला, "किडन्या बंद पडल्यात. लघवी कधी झाली होती?"

शत्रुघ्नने आईकडे पाहिलं.

"पाणी किती जात होतं पोटात?"

"ठसका लागायचा," रंभा म्हणाली. "मी ओठ ओले करायची."

डॉक्टर रागावला नाही. "घरी पाठवतानाच नाकातून नळी घालून द्यायला हवी होती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. झटका आलेल्या माणसाला तहान सांगता येत नाही."

"सांगत होते ते," रंभा पुटपुटली. पण डॉक्टर तोवर पुढच्या खाटेकडे वळला होता.

डायलिसिससाठी काशीरामला बोरिवलीला हलवलं. पहिल्याच खेपेला मशीनवर असताना त्याचा रक्तदाब एकदम खाली गेला. डॉक्टरांनी कसाबसा सावरला. पुढच्या खेपेनंतर शत्रुघ्न जिन्यावर बसलेल्या आईकडे आला. "आई, पिशवीत लघवी आली. किडनी परत चालू होतेय म्हणाले."

रंभेने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. त्याने आणलेला वडापाव अर्धा का होईना, खाल्ला.

किडन्या खरोखरच सुधारल्या. पण रक्तदाब उतरला तेव्हा मेंदूला पुन्हा मार बसला होता. काशीरामचे डोळे उघडे असत, पण कुणावर ठरत नसत. डावा हातही गेला. नाकातल्या नळीसकट त्याला घरी आणलं. रंभा नळीतून मापाने पाणी सोडायची, एक वेळ चुकवायची नाही. तो काही मागत नव्हता. पाऊस सरता सरता छातीत कफ भरून तो गेला.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर शत्रुघ्न जेवायला बसला. घास हातातच राहिला.

"संध्याकाळी आल्यावर मी त्यांना उठवून पाजायला हवं होतं, आई. मी दमून झोपायचो."

तसं नाही रे, एवढं म्हणायला हवं होतं. रंभेने त्याच्या ताटात आणखी भात वाढला आणि त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.