नळावर न बोललेलं

रोज सकाळी ड्युटीवर गेले की आमच्या यांना कापड विणायच्या लूमवर तुटलेले धागे मिळत. जाताना लूम नीट करून पुढच्याच्या हाती द्यायची, हा भिवंडीचा रिवाज. रात्रपाळीचा दौलत तो पाळत नसे. कापड खराब निघालं की सेठची बोलणी हे खात, आणि जेवणाआधी डोळे मिटून देवाचा आशीर्वाद मागताना दौलतचंही नाव घेत. मी तेवढ्यापुरते डोळे उघडून ताटाकडे बघायची. पाणी भरताना नळावर बायकांत तर मी त्याला कामचोर ठरवून टाकलं होतं.

एकदा हे डबा विसरले, म्हणून मी कारखान्यात गेले. पाळी संपली तरी दौलत अजून लूमपाशीच होता. तुटलेला धागा नाकाशी धरून तो दुसरं टोक बोटांनी चाचपत होता. यांनी धागा हळूच त्याच्या हातातून घेतला.

"मी जोडतो. तू घरी जा."

संध्याकाळी मी विचारलं, "त्याला दिसत नाही?"

"मोतीबिंदू आहे. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करून घेणार आहे. तोवर सेठला कळलं तर काम जाईल."

"मग मला का नाही सांगितलंत?"

हे खाली बघत म्हणाले, "तू नळावर बोलतेस."

मला असा राग आला, की रात्रीची भांडी आदळतच घासली.

सकाळी नळावर बायजाबाईनं विचारलं, "तुझा कामचोर काय म्हणतो?"

"तो कामचोर नाही. चुकलं माझं."

"कशावरून?"

पुढचं सगळं जिभेवर आलं होतं. मी हंडा उचलला आणि दात आवळून निघाले. देवानं ते बघितलं असेल तर बरं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती.