ट्रॉविक कोचचा फळा

मी एक जुना दगडी फळा आहे. मित्रांनो, अलाबामातल्या एका कॉलेजात, फुटबॉल संघाच्या (हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन खेळतात तो अमेरिकन फुटबॉल) खोलीत मी सेहेचाळीस वर्षं भिंतीवर होतो. पेनसिल्व्हेनियाच्या खाणीतून मला कापून आणलं ते इतिहासाच्या वर्गासाठी. पण त्या गावात फुटबॉलपुढे इतिहासाला कोण विचारतो?

माझी खरी वर्षं हॉलिस ट्रॉविक कोचची. एकोणीस वर्षं त्यांनी माझ्यावर फुल्या आणि गोल काढून, फुली म्हणजे समोरचा खेळाडू आणि गोल म्हणजे आपला, पोरांना खेळ शिकवला. ओरडायचे खूप, पण शब्दाला पक्के. पोराला कॉलेजच्या खर्चाने संघात घेताना त्याच्या आईला सांगायचे, "गुडघा गेला तरी याची पदवी जाणार नाही." कुणाचीही गेली नाही.

मग सलग दोन वर्षं शेजारच्या कॉलेजाने आम्हाला हरवलं. रॉइस कँट्रेल हा कोंबड्यांचा कारखानदार आमचा सर्वांत मोठा देणगीदार. या गृहस्थाने जन्मात चेंडू झेलला नव्हता, पण खेळातलं सगळं आपल्यालाच कळतं, अशी त्याची समजूत होती. पैसेवाल्याची समजूत कोण काढणार? तो मला टेकून कॉलेजच्या अध्यक्षांना म्हणाला, "म्हातारा संपला. दुसरा आणू. पैशाचं मी बघतो."

"तुम्ही म्हणाल तसं," अध्यक्ष म्हणाले. एवढे शिकलेले गृहस्थ, पण मान हलवण्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. रविवारी ट्रॉविक चर्चमध्ये असताना त्यांना फोनवरून काढून टाकलं.

नवा कोच ब्रेंट मॅडॉक्स कँट्रेलच्या विमानातून उतरला. पगार वर्षाला सत्तर लाख डॉलर. मला बघून म्हणाला, "हे थडगं हलवा इथून."

मी सामानाच्या खोलीत गेलो. तिथे लमार पेटवे एकतीस वर्षं हेल्मेटं घासत, पट्टे शिवत बसलेला. तो मला रोज पुसायचा.

ऑक्टोबरात टवेरियस ओडम या धिप्पाड पोराचा गुडघा मोडला. त्याला ट्रॉविकनी आणलं होतं. मॅडॉक्सने दोन मिनिटांत निकाल लावला. "पुढच्या वर्षी तुझ्या जागी दुसरा येतोय. तुझी फी आम्ही भरणार नाही. मनाला लावून घेऊ नकोस, हा धंदा आहे."

टवेरियस कुबड्यांवर हेल्मेट परत करायला आला. पेटवे म्हणाला, "बस. रडायचं तर रड, पण आधी बस." आणि त्याने ट्रॉविकना फोन लावला. ते तीन तासांवरच्या एका शाळेत शिकवत होते. त्याच दुपारी गाडी काढून आले.

"तुझ्या आईला मी शब्द दिलाय. माझ्या शाळेत मदतनीस हो, शाळेजवळच्या कॉलेजात पदवी पुरी कर. फीचं तिथल्या लोकांशी मी बोललोय."

"पण कोच, तुम्हाला तर यांनी काढलं."

"नोकरीवरून काढलं. शब्दावरून नाही."

पेटवेने मलाही गाडीत चढवलं. म्हणाला, "घेऊन जा, कोच. इथे याचा कचरा होईल."

पुढच्या वर्षी मॅडॉक्स बारापैकी नऊ सामने हरला आणि त्यालाही हाकललं. पण त्याचा करार असा, की काढलं तर दोन कोटी डॉलर. काम न करण्याचे! त्याच महिन्यात 'पैसे नाहीत' म्हणून मुलींचा पोहण्याचा संघ बंद झाला, आणि पेटवेला घरी बसवलं.

मग एके दिवशी कँट्रेल स्वतः आमच्या शाळेत आला. ट्रॉविक माझ्यावर काहीतरी काढत होते.

"परत या, हॉलिस. आकडा तुम्हीच सांगा."

"लमार पेटवेला परत घेतलंत?"

कँट्रेलने कपाळाला आठ्या घातल्या. "कोण पेटवे?"

ट्रॉविकनी त्याच्याकडे पाठ केली आणि अर्धवट राहिलेला गोल पुरा केला.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी दगड, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. पण आपली हेल्मेटं घासणाऱ्याचं नाव ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती तुमचा खेळ कधी देऊ नका.