सकुबाईनं थांबवलेलं सलाईन

आईचं तेरावं उरकून रुपा सिस्टर मुरबाडच्या खाजगी दवाखान्यात कामावर परतली, ते साल २००३. सगळ्यांना वाटलं होतं, ही रडेल. पण विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची आणि कामाला लागायची. आतून ती बधिर झाली होती.

म्हशाजवळच्या वाडीतल्या कोंडूला भाताचे भारे उचलताना विंचू डसला, विषानं त्याच्या हृदयाचा जोर ओसरला आणि त्याला याच दवाखान्यात आणलं. हृदयाला जोर देणारं औषध पंपातून चाललं होतं, तेही तासाला चमचाभरही नाही इतकं थोडं. एवढंसं औषध नळीतच रेंगाळू नये म्हणून त्याच नळीला सलाईन जोडलं होतं. ते पाणी औषधाला पुढं शिरेत नेत होतं.

दुपारी रुपा ब्लडप्रेशर बघायला आली तर ते घसरलेलं. कोंडूला दरदरून घाम फुटलेला. पंप चालू होता, पण सलाईनचा थेंब पडत नव्हता. नळीवरची चकती कुणीतरी बंद केली होती.

"मीच केली, बाय," उशाशी बसलेली त्याची बायको सकुबाई म्हणाली. "त्या पाण्यानं त्यांचा हात गार पडला व्हता. औषध तं चालूच हाये ना?"

रुपाला ना राग आला, ना भीती वाटली. तिनं आयामावशींना डॉक्टरांकडे धाडलं. सलाईन तसंच पुन्हा सुरू केलं असतं तर नळीत साचलेलं औषध एकदम आत गेलं असतं. म्हणून तिनं नळी सुईपासून सोडवली, साचलेलं ट्रेमध्ये वाहू दिलं, पुन्हा जोडली आणि थेंब आधीइतकेच लावले. डॉक्टर आले ते तिथंच थांबले. हळूहळू नाडी भरू लागली.

मग तिनं सकुबाईला त्या पाण्याचं काम समजावलं. सकुबाईनं विचारलं,

"मंग मी त्यांना मारीत व्हते का गो?"

रुपानं मान हलवून नाही म्हटलं आणि कोंडूच्या हातावर चादर ओढली.

कोंडू वाचला. घरी निघताना सकुबाईनं रुपाचा हात धरला आणि विचारलं, घरी कोण कोण हाये.

"आई होती," रुपा म्हणाली.

हे ती पहिल्यांदाच बोलली होती. सकुबाईनं हात लवकर सोडला नाही. रुपाला रडू मात्र तेव्हाही आलं नाही. एसटीची वेळ झाली तशी ती दोघं निघाली, आणि रुपा कोंडूच्या खाटेवरची चादर काढायला आत गेली.