मथुराबाईंचा पहिला आगगाडीचा प्रवास

मांडवीच्या मथुराबाईंना गाडी लागायची. एसटी हातखंब्याला पोचायच्या आतच डोकं गरगरायला लागे, आणि पुढचा सगळा प्रवास तोंडाला पिशवी लावून. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला चिपळूणला निघाल्या त्या निम्म्या वाटेत उतरल्या आणि कुणा परक्याच्या ओटीवर दिवसभर पडून राहिल्या. तिकडे अक्षता त्यांच्याविनाच पडल्या. तेव्हापासून घरात ठरूनच गेलं. बारसं असो की साखरपुडा, नवरा हरिश्चंद्र एकटा जायचा आणि तिला गाडी लागते, एवढं सांगून मोकळा व्हायचा. तो बोटीवर नोकरी केलेला, निम्मं जग पाहून आलेला. मथुराबाईंनी ते जग त्याच्या तोंडून ऐकलं होतं. कोकणात रेल्वे येऊन इतकी वर्षं झाली, पण त्या तिच्या वाटेला गेल्या नाहीत. गाडी ती गाडीच, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

यंदा गणपती झाल्यावर चिपळूणची बहीण, गोदा, अंगणात घसरली आणि पाय मोडून बसली. एरवी तीच मांडवीला यायची. हरिश्चंद्र म्हणाला, मी जाऊन बघून येतो.

मथुराबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बहीण माझी आहे. मी जाते, आगगाडीनं."

निदान सोबत तरी येतो, असं त्यानं बरंच विनवून पाहिलं. त्या ऐकेनात. "ओकायचंच झालं तर परक्या माणसांत ओकीन," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर पुष्कळ झालं."

सकाळच्या पॅसेंजरला त्यांना खिडकी मिळाली. पोटात चहासुद्धा नव्हता, मुठीत लिंबू होतं. गाडी हलली तशा त्या डोळे मिटून वाट बघू लागल्या. भोके गेलं. समोर बसलेल्या सोनूबाई संगमेश्वरला माहेरी चालल्या होत्या. डोळे मिटू नका, बाहेर बघा, असं त्यांनी सांगितलं, तेवढ्यात करबुड्याचा बोगदा आला. लांबच लांब अंधार, कानठळ्या बसवणारा आवाज. मथुराबाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला. आता होणार, आता होणार, असं म्हणेपर्यंत गाडी उजेडात आली. खाली दरी, पिकायला आलेली भातं, एका बांधावर बसलेले बगळे. गार वारा तोंडावर आला आणि पोटात काहीतरी ढवळलं. त्या घाबरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की ही भूक आहे.

सोनूबाईंनी डबा उघडून घावन पुढे केलं. ते संपलं. संगमेश्वरला सोनूबाई उतरल्या तेव्हा मथुराबाईंनी वडे घेतले, तेही संपले. आरवलीला एक्सप्रेसला वाट द्यायला गाडी बाजूला उभी राहिली. डब्यातली माणसं करवादली, दोघंतिघं खाली उतरून विड्या ओढू लागली. मथुराबाईंना मात्र वाटलं, खुशाल राहू दे अजून थोडी. एक्सप्रेस धडधडत गेली तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिल्या.

त्या दारात दिसल्या तेव्हा गोदा खाटेवर उठूनच बसली.

"अक्का, तू? कशी आलीस गो?"

"बसून आले," मथुराबाई म्हणाल्या. "खात खात."

गोदा रडायला लागली, मग हसायला. तिच्या घरात पाऊल टाकायची मथुराबाईंची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी चूल, परसदार, तुळस, सगळं हात लावून पाहिलं.

दुपारी हरिश्चंद्रचा फोन आला. त्रास झाला का, त्यानं हळूच विचारलं. त्या नाही म्हणाल्या. तेव्हा तो म्हणाला, तुला आगगाडीनं नेऊन बघावं हे इतकी वर्षं मलाही सुचलं नाही.

गोदाचा पाय बरा झाला तशा दोघी बहिणी मडगावला निघाल्या. या खेपेला हरिश्चंद्रही बरोबर होता. राजापूर मागे पडल्यावर त्यानं खिडकीशी बसायला मागितलं. मथुराबाईंनी त्याला शेंगदाण्याची पुडी दिली. जागा काही दिली नाही.